दुखण्याखुपण्याचे संत

जानेवारी लागला की आमच्या फ्रिजवर दोन नवी कॅलेंडरं चढतात. एक भारतातून कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं, संकष्टी-एकादशीवालं, पानांमागं राशिभविष्य आणि लोणच्यांच्या कृती असलेलं. दुसरं चर्चचं. ते फुकट मिळतं, कारण गावातलं एक फ्युनरल होम ते छापून देतं. रोजच्या तारखेखाली त्या दिवशीच्या संताचं नाव, आणि बाराही महिने पानाच्या तळाशी अंत्यविधीवाल्यांचा फोन नंबर. पहिल्या वर्षी ते पाहून मी दचकलेच होते.

"दूध ठेवतो त्या फ्रिजवर असलं कुणी लावतं का रे?" मी नवऱ्याला म्हटलं.

"आम्ही कॅथलिक प्रॅक्टिकल असतो," विल्सन म्हणाला आणि वर चार मॅग्नेट लावून मोकळा झाला.

मी सांगलीची. माहेरी चातुर्मास, सोवळं, बोडण, सगळं यथासांग. विल्सन वसईचा. दोघं अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला होतो. तिथल्या बसस्टॉपवर थंडीनं दात वाजत असताना एकमेकांचं मराठी ऐकू आलं, आणि पुढचं सगळं त्या थंडीच्या कृपेनं झालं. आता आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे सगळं नीट चाललंय असं सगळे म्हणत असताना काय चालत नाही ते शोधण्याचा पगार घेते. विल्सन चर्चला नाताळ आणि ईस्टर असा वर्षातून दोनदा जातो. वर्षभराच्या संतांचा हिशेब घरात ठेवते ती मी. हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं.

त्यांना आम्ही मम्मी म्हणतो. वसईच्या मराठी शाळेत हयात गेली त्यांची, वर रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज निवृत्त झाला नाही. ग्रीन कार्ड झाल्यापासून दर हिवाळ्यात येतात. लोकांच्या सासवा उन्हाळ्यात येतात, बागेत फिरतात, नायगारा बघतात. मम्मींचं म्हणणं, मे महिन्यात आंबे आणि लग्नं टाकून वसईबाहेर पडेल तो वेडा. म्हणून नाताळ तिकडे करायचा आणि सहा जानेवारीच्या, तीन राजांच्या सणाआधी इकडे पोचायचं, असा त्यांचा शिरस्ता.

तीन राजे म्हणजे तारा बघत बघत बाळ येशूच्या भेटीला आलेले ते तिघं. इथल्या चर्चमध्ये त्या सणाला खडू मंतरून वाटतात. तो घरी आणायचा आणि दाराच्या चौकटीवर वरच्या बाजूला चालू सालाचे आकडे आणि तिन्ही राजांच्या नावांची आद्याक्षरं लिहायची, की घराला वर्षभराचा आशीर्वाद. वसईत ही पद्धत मम्मींनी पाहिली नव्हती. पण ज्या धर्मात मंतरलेला खडू मिळतो तो आपलाच, हे त्यांना पहिल्याच वर्षी पटलं. स्टुलावर उभ्या राहून, बोटांत खडू धरून, फळ्यावर सुविचार लिहावा तशा वळणदार अक्षरात त्या दार लिहायच्या. मग खाली उतरून, दोन पावलं मागं जाऊन, ओळ सरळ आली का ते बघायच्या.

मी सांगते आहे त्या वर्षी त्यांनी खडू माझ्या मुलीच्या हातात दिला.

"ईवा, तू लिही. तू आता उंच झालीस."

"ग्रँडमा, नो! युअर हँडरायटिंग इज सो मच बेटर."

"लिही गं. माझे गुडघे दुखतात."

ईवानं लिहिलं. ओळ उतरत गेली. मम्मी त्यावर काही बोलल्या नाहीत, आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. माझा सगळा जन्म वावगं शोधण्यात चाललाय, तरीही.

इथला जानेवारी लांबलचक असतो. रस्त्याकडेला नांगरून टाकलेल्या बर्फाचे ढिगारे काळे पडत जातात, चार वाजता दिवे लावावे लागतात, आणि ऑफिसातून आल्यावर पुन्हा बाहेर पडायची कुणाची प्राज्ञा नसते. अशा संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी वाटाणे सोलत मम्मी संत सांगायच्या. सतरा तारखेचा अँथनी, गुराढोरांना सांभाळणारा. विसाव्या तारखेचा सेबास्टियन, अंगभर बाण लागलेला, साथीच्या रोगात ज्याच्याकडं धावायचं तो. एकविसाची ॲग्नेस, कोकरू घेतलेली कोवळी पोर. अठ्ठावीसचा थॉमस, विद्यार्थ्यांचा, म्हणून ईवाच्या दप्तरातलं पेन आदल्या रात्री क्रुसासमोर ठेवायचं. ईवा डोळे फिरवायची पण परीक्षा असली तर पेन स्वतःहून आणून द्यायची. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. कीर्तनात वाढलेल्या माणसाला असल्या गोष्टी आपसूक पाठ होतात.

जानेवारीचे संत असे शेतातले, शाळेतले. फेब्रुवारी लागला की मात्र दवाखान्याची ओपीडी सुरू होते. तीन तारखेला गळ्याचा ब्लेझ. पाचला स्तनांच्या दुखण्याची अगाथा. नऊला दातांची अपोलोनिया. अकराला लूर्डची माता, म्हणजे एकूणएक आजाऱ्यांची. हे ऐकून मी हसले होते. मग मीच मला म्हटलं, हसतेस काय, आपल्याकडंही देवीच्या रोगाला शीतळा, पटकीला मरीआई, पाचवीला सटवाई. माणसाचं शरीर एवढं भरवशाचं असतं तर देवांना इतकी खाती काढायची वेळच आली नसती.

"मग अगाथेला जायचं का आपण?" मी एकदा उगीच विचारलं होतं.

"कशाला? काही होतंय का तुला?" मम्मी म्हणाल्या. "ज्याचं दुखतं त्यानं जावं. घसा सगळ्यांनाच असतो, म्हणून ब्लेझला सगळे जातात. बाकीच्यांकडं हौसेनं रांग लावू नये. त्यांना कामं असतात."

त्या वर्षीही तीन तारखेला आम्ही ब्लेझला गेलो. शेजारच्या वुस्टरमध्ये टेकडीवर इटालियन लोकांनी पूर्वी बांधलेलं चर्च आहे, मम्मींना तेच आवडतं. ब्लेझनं म्हणे घशात माशाचा काटा अडकलेल्या पोराला वाचवलं. वसईच्या माणसाला तो संत जवळचा वाटला नाही तरच नवल. आदल्या दिवशी मंतरलेल्या दोन मेणबत्त्या लाल फितीनं फुलीसारख्या बांधून फादर प्रत्येकाच्या गळ्याला लावतात आणि आशीर्वाद पुटपुटतात. मेणबत्त्या पेटवलेल्या नसतात, पण ईवा लहानपणी केस जळतील म्हणून रडायची. आता ती हनुवटी वर करून निमूट उभी राहिली. माझ्याही गळ्याला ते गार मेण लागलं. बाहेर पडल्यावर मम्मी म्हणाल्या, "चला, आता वर्षभर भांडायला मोकळ्या." त्या अगदी नेहमीसारख्या होत्या.

दोनच दिवसांनी, पाच तारखेच्या सकाळी, त्या स्वेटर, कोट, टोपी घालून दाराशी उभ्या.

"मिस्साला सोडतेस का?" मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना.

रात्रीतून बर्फ पडला होता. माझी नऊची मीटिंग होती. "आज काय आहे, मम्मी? वर्किंग डे आहे आज."

"असंच. मन झालं."

मी कुरकुरत गाडी काढली. मीटिंग कॅन्सल केली, तेवढ्यात रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक पुढं आला आणि आम्ही त्याच्या मागं रांगत टेकडी चढलो. चर्चमध्ये जेमतेम पंधरा माणसं, बहुतेक म्हाताऱ्या इटालियन बायका. मी शेवटच्या बाकावर कोटाच्या आत मान घालून फोन बघत बसले. मिस्सा संपल्यावर बाजूच्या एका मूर्तीसमोर बायकांची रांग लागली. फादर एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत होते आणि टोपलीतला छोटा गोल पाव हातात देत होते. मी मूर्तीकडं पाहिलं. तरुण मुलगी, हातात ताटली, ताटलीत दोन गोल गोल लाडू. मला खरोखर लाडूच वाटले. मग आज पाच तारीख, हे डोक्यात शिरलं. ही अगाथा. धर्म सोडत नाही म्हणून राजाच्या माणसांनी जिचे स्तन कापले ती, आणि ताटलीत ते होते.

रांगेत मम्मी उभ्या होत्या.

ज्याचं दुखतं त्यानं जावं, हे त्यांचंच वाक्य. मग खडू आठवला. गुडघे दुखत असते तर या बर्फात त्या चर्चच्या पायऱ्या अशा चढल्या नसत्या. त्यांना वर उचलता येत नव्हता तो हात.  आयुष्यात पहिल्यांदा मला आपण कुठलाही शोध लावू नये असं वाटलं.

गाडीत बसल्यावर मी हीटर लावला आणि गाडी चालू केली नाही.

"मम्मी, कुठं दुखतंय?"

"दुखत नाही," त्या समोरच्या काचेकडं बघत म्हणाल्या. मांडीवर कागदी रुमालात तो पाव होता. "दुखलं असतं तर बरं झालं असतं. माणूस आरडाओरडा करतो. ही नुसतीच आहे."

"कधीपासून?"

"तुमच्या गणपतीच्या आधीपासून."

म्हणजे वसईत असल्यापासून. म्हणजे नाताळचे पदार्थ केले, शेजारपाजारी वाटले, विमानात बसून इतका प्रवास केला, वाटाणे सोलले, संत सांगितले, आणि कोटाच्या आत ही गाठ. मला एकदम राग आला. असा की त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि त्यांना घट्ट धरावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही.

"विल्सनला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "ईस्टरला जायचंच आहे मी परत. तिकडं बघू काय ते. इथं तुझं ऑफिस, त्याचं काम, पोरीची शाळा. मी सांगितलंय जिला सांगायचं तिला."

"अगाथेला?"

"हं."

"तिनं काय केलं सांगू? तिनं मला सांगितलं."

मम्मींनी वळून पाहिलं. मी पुढं म्हणाले, "तुमच्या तोंडून मला कळलं का? विल्सनला कळलं का? मी शेवटच्या बाकावर फोन बघत बसले होते. तिनं ताटली पुढं केली म्हणून मला कळलं. तुम्ही अर्ज तिच्याकडं दिलात, तिनं तो माझ्या टेबलावर पाठवला. आता माझं मी बघते."

मला स्वतःला यातलं कितपत पटत होतं, देव जाणे. वादात जिंकायचं म्हणून मी बोलून गेले. पण चाळीस वर्षं पोरांना धर्म शिकवलेल्या बाईनं पाव मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.  बडीशेपेचा वास होता त्याला. आम्ही दोघींनी तो तिथंच, पार्किंगमध्ये खाल्ला.

विल्सनला त्यांनीच सांगायचं, असं ठरलं. कधी, यावर घासाघीस झाली. त्यांना लूर्डच्या मातेचा दिवस हवा होता. मी म्हटलं गाठीला कॅलेंडर वाचता येत नाही. शेवटी डॉक्टरची वेळ नऊ तारखेची मिळाली, म्हणजे आदल्या संध्याकाळी सांगणं भागच होतं. "नऊ? दातांच्या दिवशी?" मम्मी तेवढ्यातही म्हणाल्या. "डॉक्टर चुकीच्या जागी बघायची."

आठ तारखेच्या संध्याकाळी विल्सन भांडी लावत होता. मायलेक आपसात वसईची त्यांची बोली बोलतात. मला ती कळते, पण बोलायला गेले की दोघं हसतात. मम्मींनी त्या बोलीत चार वाक्यं सांगितली. विल्सन हातातली ताटली पुसत राहिला, पुसून झाली तरी. मग "ओके. ओके. करू आपण," म्हणाला, बूट घातले आणि बाहेर जाऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ काढू लागला. दुपारीच काढला होता त्यानं. कोऱ्या डांबरावर फावडं घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. ईवा खिडकीशी गेली, "व्हॉट इज डॅड डूइंग?" म्हणाली. मम्मींनी तिला जवळ घेतलं.

मग तपासण्या, सुया, आणि ज्याची भीती होती तोच शब्द. राखेच्या बुधवारी ऑपरेशनपूर्वीची तपासणी होती. उपवासकाळ सुरू होतो तो हा दिवस. तू माती आहेस आणि मातीला मिळशील, असं सांगून कपाळावर राखेचा क्रूस काढतात. मम्मी सकाळी मिस्साला जाऊन राख लावून आल्या. मी म्हटलं, आजच्या दिवशी हे वाक्य नसतं ऐकलं तर चाललं असतं. हॉस्पिटलमध्ये ज्या नर्सनं ब्लडप्रेशर घेतलं तिच्याही कपाळावर राख होती. दोघी एकमेकींच्या कपाळाकडं बघून हसल्या. मधे मी टिकली लावून बसलेले.

ऑपरेशनची तारीख फोनवर मला मिळाली. एकोणीस मार्च. मी कॅलेंडर बघितलंही नाही, बघायची गरज नव्हती. एकोणीस मार्च म्हणजे संत जोसेफ. मरियेचा पती, सुतार, बापांचा संत, कामगारांचा संत, आणि हेही मम्मींनीच शिकवलेलं, चांगल्या मरणाचा संत. म्हातारी माणसं त्याच्याकडं तेवढंच मागतात.

मी पुन्हा फोन केला. लाजेनं आवाज बारीक करून हॉस्पिटलातल्या फोनवरच्या मुलीला म्हटलं, ही तारीख आमच्यात धार्मिक सुट्टीची आहे, दुसरी मिळेल का. ती बिचारी म्हणाली, शुअर, पण मग दोन आठवडे पुढं जाईल. गाठीला कॅलेंडर वाचता येत नाही म्हणणारी मी, दोन आठवडे चालतील म्हणाले. अमावास्येला प्रवासाला न निघणाऱ्या घरात जन्म झाल्यावर माणूस कितीही सॉफ्टवेअर तपासो, आतलं काही बदलत नाही.

मम्मी मागं उभ्या होत्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि आपल्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगितलं, "नो चेंज. नाइन्टीन्थ इज गुड." फोन ठेवला.

"जोसेफ म्हणजे काय अमावास्या आहे का गं?"

"मम्मी, तो मरणाचा..."

"चांगल्या मरणाचा. चांगलं मरण म्हणजे उद्याचं मरण नव्हे. तुला अर्धंच सांगितलं वाटतं मी." त्या खुर्चीवर बसल्या. "जोसेफ गेला तेव्हा एका बाजूला मरिया होती, एका बाजूला येशू. दोन्ही बाजूंना आपली माणसं. म्हणून ते चांगलं. एवढंच आहे त्यात." मग म्हणाल्या, "विल्सनचे पप्पा गेले तेव्हा एका बाजूला मी होते. दुसऱ्या बाजूकडं बघत होते ते सारखे. विल्सन तेव्हा विमानात होता."

हे मला माहीत होतं. आमच्या घरात ते कधीच बोललं जात नाही, म्हणून जास्तच माहीत होतं. त्या दिवशी मला कळलं, की बाईंना सुरीची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती वसईच्या घरात, शेजाऱ्यांच्या मदतीनं, मुलाला त्रास नको म्हणून गपचूप, एकटं जाण्याची. आणि त्यासाठीच त्या ईस्टरचं तिकीट सांभाळून बसल्या होत्या. ज्याची भीती वाटते त्याच दिशेनं माणूस शिस्तीत चालत जातो. ही उलटी खोड मी माझ्या आईतही पाहिली आहे, आणि हल्ली आरशातही दिसते.

आता मम्मी वसईत आहेत. या सहा जानेवारीला व्हिडिओ कॉलवर आमचं दार बघून म्हणाल्या, ईवाची ओळ अजून उतरतेच. यंदा जरा उशिरा, फेब्रुवारीत येतील. मी दर वर्षी माझा मॅमोग्राम अगाथेच्या आठवड्यात लावते आणि मैत्रिणींनाही दटावते. अगाथेला एवढं काम लावलं तर मम्मींनी माझ्यावर डोळे वटारू नयेत, असं मला वाटतं. माझ्या माहेरी हे कळलं तेव्हा आई म्हणाली, बाटलीस की काय? मी म्हटलं, नाही गं, तपासणीला जाते.

मार्चचं पान लागलं की मात्र त्या एकोणीस तारखेची सकाळ डोळ्यांपुढं येते. बर्फ वितळून रस्ते ओले, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये चिखल. मम्मींना आकाशी गाऊन घातलेला, हातात सुई. बांगड्या आणि गळ्यातला क्रूस काढून माझ्या पर्समध्ये ठेवलेला. इतकी वर्षं मी त्यांना क्रुसाशिवाय पाहिलं नव्हतं, गळा एकदम ओळखीचा वाटेना. विल्सन आदल्या दिवसापासून काही खात नव्हता, जणू ऑपरेशन त्याचंच होतं. न्यायच्या आधी नर्सनं आम्हा दोघांना पडद्याच्या आत बोलावलं. जागा अरुंद होती. तो खाटेच्या एका अंगाला उभा राहिला, मी दुसऱ्या. त्यानं त्यांचा एक हात धरला. सुई लावलेला हात माझ्या वाट्याला आला, म्हणून मी नुसती बोटं धरली.

चष्मा नसल्यामुळं मम्मींनी डोळे बारीक करून आधी विल्सनकडं पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडं. पुन्हा त्याच्याकडं. हजेरी घेतल्यासारखं.

"झालं," त्या म्हणाल्या. "जोसेफला मिळालं तेवढं मला मिळालं. आता जगले तरी चालेल."

नर्सनं खाटेचा ब्रेक काढता काढता हसून विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

विल्सननं मान फिरवली.  सांगायचं माझ्यावर आलं, आणि मला ते इंग्रजीत काही केल्या जमेना.

"शी सेज शी इज रेडी," मी म्हटलं.

"नाही," खाट हलत असताना मम्मी म्हणाल्या. "नीट सांग तिला."